टॅब्लेट आपला, कुलूप कंपनीचे

कपाटातले पुस्तक शेजारच्या काकूंना वाचायला देताना आपण कोणाची परवानगी घेत नाही. ते रद्दीत द्यायचे की नातवंडांसाठी जपून ठेवायचे, हेही आपणच ठरवतो. पण तेच पुस्तक टॅब्लेटवर विकत घेतले तर? पैसे मोजूनही ते खरोखर आपले होते का?

हा वाद गाजला तो आयपॅडच्या जन्माच्या वेळी. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी तो जगापुढे ठेवला. ९.७ इंचांचा पडदा, पाटीसारखा हातात धरता येणारा आकार आणि ४९९ डॉलरपासून सुरू होणारी किंमत. कौतुक झाले, तशी टीकाही झाली.

काय नव्हते त्यात?

कॅमेरा नव्हता. पेन ड्राइव्ह लावायला जागा नव्हती. बाहेरून घेतलेली दोन अ‍ॅप्स एकाच वेळी चालत नसत. त्या काळी इंटरनेटवरची बरीचशी चित्रफीत ‘फ्लॅश’वर चाले, ती येथे दिसतच नसे. ‘हा तर मोठा केलेला फोन!’ असे टीकाकार म्हणत. समर्थक म्हणत, ‘वाचायला, फोटो पाहायला, पत्रे लिहायला एवढे पुरे. सोय कमी, तसा व्यापही कमी.’

यातल्या बहुतेक उणिवा काळाने भरून काढल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये अनेक अ‍ॅप्स एकत्र चालू लागली, २०११ च्या दुसऱ्या आयपॅडमध्ये कॅमेरा आला, २०१९ पासून पेन ड्राइव्हही चालू लागला. फ्लॅश तर त्याच्या निर्मात्या अ‍ॅडोबी कंपनीनेच २०२० अखेर बंद केले.

खरे दुखणे वेगळेच

त्याच दिवशी सभागृहाबाहेर ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’चे कार्यकर्ते निदर्शने करत होते. त्यांची तक्रार कॅमेऱ्याची नव्हती, कुलुपाची होती. अ‍ॅप्स फक्त कंपनीच्याच दुकानातून घ्यायची आणि पुस्तके, चित्रपट यांवर ‘डीआरएम’ म्हणजे नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप, हे त्यांना मान्य नव्हते.

प्रकाशकांची बाजूही समजून घ्यायला हवी. डिजिटल पुस्तकाच्या हजार प्रती क्षणात निघतात, मग लेखकाच्या हाती काय उरणार? मात्र अ‍ॅपलच्याच दुकानातील गाण्यांवरचे कुलूप २००९ मध्ये निघाले होते आणि त्यामुळे गाण्यांची विक्री काही थांबली नाही.

भीती खरी ठरली

जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही पुस्तके परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा पैसे परत आले, पण वाचकांच्या संग्रहातली पुस्तके गेली.

कुटुंबासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. आपल्या मृत्यूनंतर खाते कोणी उघडावे, हे नेमण्याची सोय अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिली. वडिलांचे फोटो, टिपणे मुलाला मिळतात. त्यांनी विकत घेतलेली पुस्तके, गाणी, चित्रपट मात्र या सोयीत मिळत नाहीत. कारण तेथे आपण वस्तू घेत नाही, वापरण्याचा परवाना घेतो.

युरोपीय संघाच्या कायद्यामुळे २०२४ मध्ये तेथे आयपॅडवर इतर अ‍ॅप दुकानांना वाट मिळाली, पण पुस्तकांवरची कुलुपे कायम आहेत. ती स्वतः फोडण्याच्या भानगडीत पडू नये. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरेदीपूर्वी एवढे पाहा

- पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडेल का?
- घरातल्या इतरांना ते वाचता येईल का?
- तेच पुस्तक कुलूप नसलेल्या स्वरूपात मिळते का? काही विक्रेते तसे देतात.
- घरचे फोटो आणि कागदपत्रे यांची वेगळी प्रत ठेवली आहे का?

एकदा वाचून सोडून द्यायचे पुस्तक टॅब्लेटवर खुशाल घ्या. प्रवासात ओझे नाही, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. पण जे पुस्तक लेकीच्या, नातवाच्या हाती द्यावेसे वाटते, ते कागदावरचेच घ्या.