जाते बरोबर न्यायचे का?

वाचकहो, रात्री दिवा विझला म्हणून तुम्ही आपल्या घरात चाचपडत नाही. हात आपोआप कोनाड्यातल्या काडेपेटीवर जातो. उंबरा कुठे उंच आहे, पावसात कोणत्या वाशाखाली भांडे ठेवावे लागते, गोठ्यातली कोणती गाय लाथ मारते, हे तुम्हाला कोणी शिकवलेले नसते. ते अंगात मुरलेले असते. हे सारे मागे ठेवून, मुले पदरात असताना, नवराबायकोने अनोळखी मुलखात पहिल्यापासून संसार मांडायचा, म्हणजे काय होत असेल?

आपल्या महाराष्ट्रात हजारो जोडप्यांवर ही वेळ आली. त्यांतली कोयनेच्या खोऱ्यातली आधी आठवू या.

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत हेळवाकपाशी येते आणि तिथून पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. या खोऱ्यात जावळी आणि पाटण तालुक्यांतली गावे वसलेली होती. नदीकाठी भाताची खाचरे, वरच्या उतारावर नाचणी आणि वरी. शेती पोटापुरती, म्हणून घरटी एखादा गडी मुंबईला गिरणीत नाहीतर माथाडी कामाला. १९५० नंतरच्या दशकात धरणाचे काम सुरू झाले आणि १९६० नंतरच्या पावसाळ्यांत पाणी चढू लागले. आज तिथे सुमारे ५० किलोमीटर लांबीचा शिवाजीसागर पसरला आहे. १९६२ सालापासून पोफळीच्या वीजघरातून वीज निघाली, गिरण्या चालल्या, गावोगाव दिवे लागले. तुमच्याआमच्या घरातल्या उजेडात त्या बुडालेल्या खाचरांचा वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

आता त्या खोऱ्यातले एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. नाव कोणतेही ठेवा; तिथे घरोघरी हेच चालले होते. घर सोडायचे म्हणजे कुलूप लावून निघायचे नव्हे. आपल्याच हाताने घर उतरवायचे. कौले काढली, वासे मोकळे केले, दाराची चौकट भिंतीतून सोडवली. लाकूड चांगले होते, नव्या जागी उपयोगी पडणार होते. ज्या चौकटीतून ती नवरी होऊन आत आली, तीच चौकट दोघांनी उचलून ट्रकवर चढवली.

शेवटी जात्यापाशी दोघे थांबले.

“आवं, जातं न्यायचं का? लई जड हाय.”

“न्हेऊ की. तिथंबी दळावंच लागंल.”

देवाचे टाक फडक्यात, बियाणे गाडग्यात, तुळस एका डब्यात. एवढे सगळे बरोबर आले. जे आले नाही, ते मात्र ट्रकवर मावणारे नव्हते.

माझ्या बहिणींनो, इथे जरा थांबा. धरण म्हटले की आपण पुरुषाची जमीन गेली असे म्हणतो. पण या खोऱ्यातल्या बहुतेक मुली चार-दोन कोसांवरच्या गावात दिलेल्या असत. पाणी चढले तेव्हा अनेकींचे सासरही बुडाले आणि माहेरही. वस्ती कुणाची ठाण्याकडे गेली, कुणाची आजच्या रायगड जिल्ह्यात, कुणाची रत्नागिरी, सांगली, सोलापूरकडे. काही घरे डोंगरातच वर सरकली. जिचा भाऊ पंचमीला पायी येऊन न्यायचा, तिच्या आणि त्याच्या मध्ये आता अर्धा महाराष्ट्र आला. सरकारी पंचनाम्यात घर मोजले, झाडे मोजली. माहेर मोजायला रकानाच नव्हता.

आपले जोडपे सोलापूरकडे आले असे समजा. खोऱ्यात दोनशे इंच पाऊस अंगावर घेतलेली ही माणसे. इथे पंचवीस इंच पडला तरी लोक आनंदात. लाल माती जाऊन काळी आली. भाताची लावणी जाणणाऱ्या हातांना कळेना की पावसाळा सरत आल्यावर हस्ताच्या सुमारास ज्वारी पेरायची कशी, आणि पुढे पावसावाचून ती जगायची कशी. काळी जमीन ओल धरून ठेवते, त्या ओलीवर आणि थंडीवर रब्बी ज्वारी पोसते, हे शेजाऱ्याने सांगावे तेव्हा समजणार. आणि शेजारी सांगेलच असे नव्हते. पुनर्वसनाची जमीन कुठल्या तरी गावकऱ्याकडूनच घेतलेली असे. त्याचेही काळीज दुखावलेले. दोन्ही बाजू खऱ्या, आणि विहिरीवर बोलणे मात्र कोणीच करीत नाही!

तेव्हा कायद्याचा आधारही तोकडा होता. १८९४ चा इंग्रजी अमदानीतला भूसंपादन कायदा पैशाचा मोबदला जाणत होता, पुनर्वसन नव्हे. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. पुढे १९८६ चा आणि १९९९ चा असे नवे कायदे झाले. केंद्राचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि १८९४ चा जुना कायदा रद्द झाला.

ही वेळ उद्या तुमच्यावर आली, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. सातबारा, आठ-अ आणि वारसाच्या नोंदी आधीच नीट करून घ्या. मयताच्या नावावरची जमीन मोबदल्याच्या वेळी फार रडवते. दाखवलेली जमीन उन्हाळ्यात पाहा आणि पावसाळ्यातही पाहा, विहिरीचे पाणी पिऊन पाहा. एकटे न जाता भावकी आणि शेजार धरून एकत्र जा. आणि हातात आलेल्या पैशाचे लग्न-मोटारसायकल होऊ देऊ नका. नवी जमीन घ्याल ती नवराबायको दोघांच्या नावावर घ्या.

आणि वेळ तुमच्यावर न येता, अशी माणसे तुमच्या गावात आली तर? तर त्यांना ‘धरणवाले’ म्हणून हाक मारू नका. गड्यांनो, वाफसा कधी येतो ते बांधावर उभे राहून त्यांना सांगा. आयाबायांनो, त्या घरातल्या बाईला संक्रांतीला वाण घ्यायला बोलवा. पंचमीला झोक्यावर तिलाही बसवा. तिचे माहेर पाण्याखाली आहे. तुमच्या घरी तिला चार घटका माहेर मिळू द्या.

पहिल्या सुगीनंतर त्या जोडप्याने नव्या घरात जाते मांडले. नाचणीऐवजी ज्वारी वैरली. पीठ पांढरे पडले, पण घरघर तीच होती. ती ऐकून शेजारीण दारात आली आणि म्हणाली, “सरा, मीबी हात लावते.”

वाचकहो, गाव नवे असले तरी ते आपले होते ते अशा एका हाताने.