फोन उचललाच नाही, तरी बिल कसं आलं?

आमच्या शहापूर-मुरबाडकडे एसटीडी बूथ होते तेव्हा मी लहान होतो. केबिनमधला लाल आकड्यांचा मीटर मात्र अजून आठवतो. गेल्या पावसाळ्यात तसाच मीटर जुन्या लॅपटॉपवर करून बघितला.

उबंटू सर्व्हर टाकलं आणि त्यावर अ‍ॅस्टरिस्क. मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये सुरू केलेलं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर साध्या कॉम्प्युटरचं टेलिफोन एक्स्चेंज करतं. बिलासाठी ए-टू-बिलिंग आहे, पण हिशोब समजावा म्हणून आधी छोटी स्क्रिप्ट स्वतःच लिहिली. शहापूरहून मुरबाडच्या मावशीला कॉल लावला. २४ सेकंद रिंग वाजली, तिने उचलला नाही. तरी बिल एक रुपया!

चूक माझीच. प्रत्येक कॉलच्या नोंदीत दोन वेळा असतात. 'ड्युरेशन' नंबर लावल्यापासून मोजतं, 'बिलसेक' समोरच्याने उचलल्यापासून. पैसे बिलसेकवरच लावायचे. पल्स ६० सेकंदांचा ठेवला, तर ६१ सेकंद बोललात की दोन पल्स. बूथवाले काका एक मिनिट संपता संपता काचेवर टकटक करायचे ते यासाठीच!

आणखी एक. ही नोंद कॉल संपल्यावर लिहिली जाते. बोलणं चालू असताना लाईट गेली, तर तो कॉल हिशोबातच नाही. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असल्याने हे मला दोनदा कळलं. आता इन्व्हर्टरवर ठेवलाय.

करून बघा, पण घरच्या घरीच. परवान्याशिवाय लोकांना बाहेरचे कॉल विकणं बेकायदेशीर आहे.