पंप आला, दुकान आले नाही

अमेरिकेच्या आयोवा राज्यात बून नावाचे गाव आहे. तिथे १९६८ साली डॉन लॅम्बर्टी यांनी 'केसीज' या साखळीचे पहिले दुकान उघडले. मक्याच्या शेतांमधली, मोठ्या बाजारापासून लांब पडलेली गावे या साखळीने हेरली. पेट्रोलसाठी थांबलेला माणूस दूध, पाव आणि पुढे गरम पिझ्झाही घेऊन जाऊ लागला. पेट्रोलने गिऱ्हाईक आणायचे आणि दुकानाने कमवायचे, असा तो हिशेब. कापसाच्या वऱ्हाडातही पंप ठिकठिकाणी उभे राहिले, पण हा हिशेब अकोला-अमरावतीकडे रुजला नाही. 'आपल्या लोकांना तशी सवयच नाही' हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते मला पटत नाही. पहिले कारण पंपाच्या घडणीत आहे.

आपल्याकडचा पंप हा मुळात दुकानदाराचा नव्हताच. बर्मा-शेल, एसो आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांनी बाजार वाटून घेतला होता. सरकारने १९७४ मध्ये एसो घेतली, तिची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली आणि १९७८ मध्ये कॅलटेक्स त्यात मिसळली. १९७६ मध्ये ताब्यात आलेली बर्मा-शेल पुढच्या वर्षी भारत पेट्रोलियम या नावाने ओळखली जाऊ लागली. इंडियन ऑइल आधीपासून सरकारीच. पाट्या बदलल्या, पण डीलरचे स्थान तेच राहिले: माल कंपनीचा, भाव वरून ठरलेला, हाती कमिशन. तिन्ही कंपन्यांचा भाव जवळपास सारखाच असल्यावर गिऱ्हाईक ओढायला कोण धडपडणार? सरकारी भावनियंत्रण २००२ मध्ये कागदावर उठले, तरी सरकारी कंपन्या तोट्यात विकत राहिल्या. त्या भावापुढे टिकणे अशक्य झाल्याने रिलायन्सने २००८ मध्ये आपले पंप बंद केले. स्पर्धा करू पाहणाऱ्याची ही गत झाल्यावर बाकीच्यांनी काय धडा घ्यावा? त्यात पंपाच्या आवारात काय उभारायचे यावर कंपनीचा आणि स्फोटके-पेट्रोलियम सुरक्षेच्या नियमांचा अंकुश.

दुसरे कारण अकोल्यातल्या जठारपेठेसारख्या वस्तीत दिसते. किराणा, मेडिकल, दूध डेअरी, झेरॉक्स सारे पायी जाण्याच्या अंतरावर, आणि किराणावाला तर महिन्याचे खातेही ठेवतो. 'केसीज'ने जी पोकळी भरली ती इथे नव्हतीच. कोणी म्हणेल, शहराचे राहू द्या, महामार्गाचे काय? अमरावती-अकोला रस्त्याचे ७५ किलोमीटर डांबरीकरण २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात गेले. वाहने वाढली, हे खरे. पण महामार्गावर ट्रकवाल्याची भूक आधीपासून धाब्याने भागवली आहे. खाट, चहा आणि गरम पोळी देणाऱ्याशी पाकीटबंद वेफर्स काय झुंजणार?

अधिक वजनदार आक्षेप इंडियन ऑइलच्या किसान सेवा केंद्रांचा आहे. खेड्यातल्या पंपावर डिझेलसोबत बियाणे, खत, किराणा ठेवण्याची ही कल्पना चांगली होती, आणि आयात केलेली तर मुळीच नव्हती. तिची गाठ मात्र तालुक्याच्या कृषी केंद्राशी पडते. तिथे पेरणीची उधारी कापूस विकल्यावर फेडता येते. पंपाचा धंदा रोखीचा. मुंबई-पुण्यात पंपावरची दुकाने चालतात, तीही जागा महाग आणि वेळ कमी असलेल्या शहरांत. वऱ्हाडात तो नमुना उचलून आणण्यात अर्थ नाही.

म्हणून पंपाला चकचकीत दुकान नाही याची हळहळ मला वाटत नाही. हळहळ आहे ती वेगळीच. मोफत हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह हे पंपाचे बंधनकारक काम आहे, आणि प्रवासात बाईमाणसाला खरी गरज त्याचीच असते. पुढच्या वेळी पंपावर थांबाल तेव्हा ते मागा. पेट्रोल कमी पडल्याची शंका आली, तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवा म्हणा. ते माप पंपावर ठेवावेच लागते, आणि मोजून घेण्याचा हक्क तुमचा आहे.