संप्रेरकतज्ज्ञाची घडण

शरीरातील अंतःस्रावी ग्रंथी जी द्रव्ये थेट रक्तात सोडतात त्यांना संप्रेरके किंवा हॉर्मोन्स म्हणतात, आणि ती कमी-जास्त झाल्याने उद्भवणारे विकार ओळखून त्यांवर उपचार करणारा डॉक्टर तो संप्रेरकतज्ज्ञ, अर्थात एंडोक्रायनॉलॉजिस्ट. भारतात या पदापर्यंतची वाट लांबची आहे: इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस., मग मेडिसिन किंवा बालरोगशास्त्रातील तीन वर्षांचे एम.डी., आणि नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा दिल्यावर आणखी तीन वर्षांचे डी.एम.; म्हणजे एकही वर्ष वाया गेले नाही तरी साडेअकरा वर्षे.

हा काळ मुख्यतः एक गोष्ट अंगवळणी पाडण्यात जातो, ती म्हणजे तपासणीचा सुटा आकडा फारसे काही सांगत नाही. थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारे टीएसएच हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून येते. थायरॉईडचे थायरॉक्सिन कमी पडले की ते वाढते. त्यामुळे थायरॉक्सिन कमी आणि टीएसएच जास्त असेल तर दोष बहुधा थायरॉईडमध्ये असतो, पण थायरॉक्सिन कमी असूनही टीएसएच वाढलेले नसेल तर संशय पीयूष ग्रंथीकडे वळतो, आणि केवळ टीएसएच पाहून थांबणाऱ्याच्या नजरेतून नेमका हाच रुग्ण निसटतो. कॉर्टिसॉल तर सकाळी अधिक व मध्यरात्री अगदी कमी असते. म्हणून कॉर्टिसॉल अति झाल्याने होणाऱ्या कुशिंग विकाराच्या संशयात रुग्णाला रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम गोळी देऊन सकाळी आठला रक्त घेतात, आणि एरवी दबणारे कॉर्टिसॉल दबले नाही तर पुढील शोध सुरू होतो. सगळेच काही प्रयोगशाळेत ठरत नाही. मुलगा वयात येऊ लागला का, हे पाहण्यासाठी आजही वाढत्या आकाराच्या बारा अंडाकृती मण्यांची माळ वापरतात, आणि वृषण चार मिलिलिटरच्या मण्याएवढे झाले की यौवनारंभ झाला असे मानतात.

असे दुर्मीळ विकार या शाखेची बौद्धिक ओढ असले, तरी बाह्यरुग्ण विभागातील गर्दी प्रामुख्याने मधुमेह आणि थायरॉईडची असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी असल्याचा अंदाज दिला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने तर भारतीय अर्भक वजनाने कमी असूनही त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते हे दाखवून या आजाराची मुळे गर्भावस्थेपर्यंत नेली.

शस्त्रक्रियेचा थरार हवा असलेल्याने या वाटेला जाऊ नये. येथे रुग्ण क्वचितच ‘बरा होऊन’ जातो, तो वर्षानुवर्षे येत राहतो. अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णाने ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट करायची असते, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वेळ न दवडता इंजेक्शन घ्यायचे असते. हे त्याला व घरच्यांना प्रत्येक भेटीत पुन्हा सांगणे, त्यांच्याकडून वदवून घेणे, हेही या तज्ज्ञाचेच काम असते.