ट्रे पेटीत, व्याज वहीत

ताई, तुमच्या पलंगाखाली किंवा पेटीत अर्धवट कलाकुसरीची एखादी पिशवी आहे का? पांढरा रंग देऊन ठेवलेले ट्रे, नॅपकिन चिकटवलेली पण वॉर्निश राहिलेली मडकी, अर्धीच वारली काढलेली पाटी? प्रशिक्षण झालेल्या बऱ्याच घरांत अशी पिशवी असते. घरचे तिला पसारा म्हणतात. पण त्यात गटाचे पैसे अडकलेत.

हिशोब करून बघा. समजा सामानासाठी गटातून २,००० रुपये उचलले, व्याज महिना २ टक्के. म्हणजे महिन्याला ४० रुपये. मुद्दल फिटलं नाही तर सहा महिन्यांत नुसतं व्याजच २४० रुपये.

काम अडतं कुठे? डेकोपाजमध्ये प्रत्येक पायरीनंतर वाळायची वाट बघावी लागते. तेवढ्यात स्वयंपाक, गुरं, शेत येतं आणि वस्तू तशीच राहते. म्हणून एकेक वस्तू नको, एकेक पायरी धरा.

पहिल्या दिवशी दहाही वस्तू काचपेपरने घासा, पुसा आणि पांढरा अ‍ॅक्रेलिक रंग द्या. दुसऱ्या दिवशी नॅपकिन लावा. त्याला दोन-तीन पदर असतात, वरचा छापील पदर तेवढाच घ्या. खालचे राहिले की सुरकुत्या पडतात. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घाला आणि ब्रश मधून कडेकडे फिरवा. तिसऱ्या दिवशी वॉर्निशचा पहिला हात, तो पूर्ण वाळला की दुसरा. पावसाळ्यात एखादा दिवस जास्त लागू द्या. ओलसर थरावर वॉर्निश दिलं तर ते चिकट राहतं.

आता जुन्या पिशवीचे तीन ढीग करा. एकच पायरी राहिलेल्या वस्तू आधी संपवा. सामान हवं असेल तर तिघी-चौघींनी मिळून एकच डबा आणा. बिघडलेल्या वस्तू घासून पुन्हा पांढऱ्या करा, नाहीच जमलं तर सोडून द्या. पहिला ढीग विकेपर्यंत नवीन सामान घेऊ नका.

विकताना गिऱ्हाइकाला सांगा, ही वस्तू सजावटीची आहे. पाण्यात बुडवून धुवायची नाही, खायचं त्यावर थेट ठेवायचं नाही. सांगून विकलं की तक्रार येत नाही.

पुढच्या बैठकीला पिशवी घेऊन या. लाजू नका. एकीकडे वॉर्निश उरलेलं असतं, दुसरीकडे ब्रश.