समुद्राच्या पाण्याचे तलाव

समुद्राच्या पाण्याचे तलाव दोन प्रकारचे असतात. पहिले निसर्गानेच घडवलेले. कोकणात किनाऱ्याचा बेसॉल्ट लाटांनी घासून सपाट केला आहे. भरतीत बुडणाऱ्या या खडकांच्या खळग्यांत ओहोटीनंतर पाणी अडून राहते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर असे खळगे दिसतात. मात्र ते पाहण्यापुरतेच; अचानक आलेल्या लाटेने तिथे माणसे ओढून नेली आहेत. मदेइरा बेटावरील पोर्तो मोनिझला मात्र लाव्हाच्या खडकांमधील डोहांत लोक पोहतात.

दुसरे मानवनिर्मित. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल इथला ‘बोगी होल’ कैद्यांनी 1819 च्या सुमारास खडकात खोदला. अशा तलावात पंप लागत नाही. भिंतीची उंची भरतीच्या पातळीपेक्षा कमी ठेवली, की भरतीचे पाणी आत येते आणि जुने बदलले जाते.

मुंबईत मरीन ड्राइव्हवरचा मफतलाल तलाव समुद्राच्या पाण्यासाठी ओळखला जातो. इथे पाणी थेट घेऊन भागत नाही. गाळ आणि सांडपाणी यांमुळे शुद्धीकरण आवश्यक ठरते. मिठामुळे पंप आणि नळ लवकर गंजतात, हा वेगळा खर्च.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि ते गोड्या पाण्याहून साधारण अडीच टक्के जड असते. त्यामुळे विहिरीत पोहायला शिकलेल्याला समुद्राच्या पाण्यात तरंगणे सोपे जाते. डोळे मात्र चुरचुरतात.