कोलेस्टेरॉल आणि ताटातील भाकरी

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस आला, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले आणि सुबत्ता आली. अनेक घरांत अंगमेहनत कमी झाली. ताट मात्र शेतात राबणाऱ्याचेच राहिले. मधुमेहींच्या रक्तातील चरबीचे गणित बिघडण्यामागे हेही एक कारण असते.

'कोलेस्टेरॉल वाढले की तूप-तेल बंद' हा समज टाइप-२ मधुमेहात अपुरा ठरतो. या विकारात शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही. कर्बोदकांतून मिळालेल्या जादा साखरेपासून यकृत ट्रायग्लिसराइड ही चरबी तयार करते. ती वाढली, की हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते. म्हणूनच कर्बोदके कमी केल्यास रक्तशर्करेबरोबर ट्रायग्लिसराइडही उतरते आणि एचडीएल काहीसे सुधारते.

भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. साखरेऐवजी गूळ आणि पोळीऐवजी हवी तितकी भाकरी, हा त्यावरील उपाय नव्हे. गूळ ही शर्कराच आहे. ज्वारीत तंतू असले, तरी तिच्या शंभर ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. दोन भाकऱ्यांची एक करणे अधिक उपयुक्त.

खरा प्रश्न पुढे आहे. भाकरीची जागा कशाने भरावी? ती तूप, लोणी, खोबरे व मटणाने भरली, तर साखर उतरूनही घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढू शकते. मधुमेहींमध्ये ते सामान्यतः १००च्या खाली, तर धोका अधिक असल्यास ७०च्याही खाली राखले जाते. त्यामुळे मोड आलेली मटकी, मेथी-शेपूसारख्या पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे, साय काढलेल्या दुधाचे ताक आणि मांसाहारींसाठी भिगवणच्या बाजारातील उजनीचे मासे हे पर्याय हिताचे. मासे मात्र तळलेले नकोत.

हा बदल परस्पर करू नये. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी जेवण घटवून औषध तेवढेच ठेवल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदके फार तोडल्यास रक्तातील आम्ल वाढण्याची भीती असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने किती घ्यावीत, हेही डॉक्टरांनाच विचारावे. कोलेस्टेरॉलसाठी दिलेली स्टॅटिनची गोळी तर आहार सुधारला म्हणून बंद करू नये.

आहार बदलल्यानंतर तीन महिन्यांनी एचबीए१सी आणि लिपिड प्रोफाइल या दोन्ही तपासण्या कराव्यात. एकट्या साखरेच्या आकड्यावर समाधान मानल्यास हृदयाचा धोका नजरेआड होतो.